‘स्लो’ वाढवून आजार जात नाही! जुनी गाडी सिग्नलवर का बंद पडते?

सकाळी सेल्फ मारला की गाडी सुरू होते. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की थरथरते आणि बंद पडते. विदर्भात थंडीच्या दिवसांत गोंदियाचे किमान तापमान अनेकदा सर्वांत खाली असते. त्यामुळे जिल्ह्यातील जुन्या मारुती 800 किंवा ओम्नीच्या मालकांना हे दृश्य नवे नाही. गॅरेजमध्ये जाऊन “भाऊ, गाडी बंद पडते” म्हटले की बहुतेक वेळा एक स्क्रू फिरवून ‘स्लो’ वाढवून मिळतो. इंजिन चालू राहते, पेट्रोल जास्त जळते आणि मूळ बिघाड तसाच राहतो. महिन्याभरात गाडी पुन्हा गॅरेजमध्ये.

हा प्रश्न फक्त त्रासाचा आहे का?

नाही, सुरक्षेचाही आहे. ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडले की एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. देवरी, कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर मागून ट्रक येत असताना असे झाले तर काय होईल, याचा विचार करा. अशा वेळी ब्रेक वारंवार दाबू नका, एकदाच जोर देऊन दाबून ठेवा. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. हॅझर्ड लाइट लावून गाडी कडेला घ्या.

आयडलिंगलाच बिघाड का दिसतो?

बहुतेक पेट्रोल इंजिने आयडलिंगला मिनिटाला साधारण 750 ते 900 फेरे घेतात. तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि हवा-पेट्रोल अगदी थोडे जाते. म्हणून पाइपमधील बारीक चीरही मिश्रण बिघडवते. वेगात असताना तीच चीर जाणवत नाही. इंजिनला लागतात तीन गोष्टी : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. निदानही याच क्रमाने करावे.

गाडी कधी बंद पडते?

गॅरेजमध्ये जाण्याआधी हे लिहून ठेवा. अर्धे निदान इथेच होते.

• फक्त थंड असताना : कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक पाहा. एमपीएफआय गाडीत कूलंट तापमानाचा सेन्सर तपासायला सांगा.

• फक्त तापल्यावर : उन्हाळ्यात कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते. याला ‘वेपर लॉक’ म्हणतात. इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सरही तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो.

• सिग्नलवर थांबताना किंवा एसी लावल्यावर : एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडीवर कार्बन साचलेला असतो किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकलेला असतो. कार्ब्युरेटरमध्ये स्लो जेटमध्ये कचरा असतो.

• चढावर, वेगातही दम तोडते : पेट्रोल फिल्टर आणि पंप.

• ठराविक तालात ‘मिसिंग’ मारते : प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप.

आधी स्वस्त तपासणी

पहिला एअर फिल्टर. गोंदिया राईस मिलचा जिल्हा आहे. मिलच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच तुंबू शकतो. दुसरे, इंजिन बंद असताना व्हॅक्यूमचे रबरी पाइप हाताने वाकवून पाहा, चिरा दिसतील. इंजिन चालू असताना ‘फुस्स’ असा आवाज कुठून येतो ते ऐका. पण चिरा शोधण्यासाठी गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत आगीला आमंत्रण आहे, ती कुणालाही करू देऊ नका. तिसरे, प्लग काढून पाहा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी.

पीयूसीची पावती निदान सांगते?

हो, पण आपण ती गाडीत टाकून विसरतो. चाचणी आयडलिंगलाच होते. त्यामुळे सायलेन्सरमध्ये नळी घालून खरी चाचणी झाली असेल तर पावतीवरचे आकडे कामाचे असतात. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. सीओ कमी आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन जास्त असेल, तर ठिणगी चुकते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र हे चित्र झाकले जाऊ शकते.

ई-20 पेट्रोलचा संबंध काय?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 किलो. 20 टक्के इथेनॉल मिसळले की हे प्रमाण 13.5 च्या आसपास येते. सेन्सर असलेली गाडी बऱ्याच अंशी स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरचा जेट मात्र तेवढाच राहतो, म्हणून मिश्रण पातळ होते आणि थंडीत गाडी थरथरते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरपर्यंत आणते. जुन्या काही गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले आहे. तरीही प्रत्येक बिघाडाचे खापर ई-20 वर फोडणे चूक आहे. आधी फिल्टर, पाइप आणि प्लग पाहा.

मग करायचे काय?

ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरील कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 10 हजार रुपये झाले आहे. जो एवढे पैसे भरून जुनी गाडी ठेवतो, तो बहुधा हौसेने ठेवत नाही. दुसरी घेणे परवडत नाही म्हणून ठेवतो. त्याच्याकडून अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलून पैसे घेणे अन्याय आहे. म्हणून ग्राहकाने तीन गोष्टी मागाव्यात : बिघाड कशावरून ठरवला ते सांगा, काढलेला जुना पार्ट परत द्या आणि एका वेळी एकच पार्ट बदला. सेन्सरच्या गाडीत पार्ट बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगा.

आणि सरकारनेही एक करावे. जुन्या गाड्यांसाठी रबरी भाग बदलण्याचा सल्ला द्यायचा असेल, तर तो दिल्लीच्या निवेदनात न ठेवता पेट्रोल पंपावर मराठीत लावावा. आमगाव, सालेकसाच्या गाडीमालकाला तो तिथेच वाचायला मिळेल.

‘स्लो’चा स्क्रू सर्वांत शेवटी फिरवायचा असतो, बिघाड सापडल्यानंतर.