वकट, लेंड, मूंड : विटीदांडूच्या मोजणीतला हरवलेला पाच

बेसबॉलमध्ये राखीव ‘पिचर’ जिथे हात मोकळे करतात, त्या जागेला ‘बुलपेन’ म्हणतात. हा शब्द आला कुठून, यावर अमेरिकेत आजही एकमत नाही. आपल्या मैदानातही असेच एक कोडे पडलेले आहे आणि त्यावर अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले जाते. आजचा धागा त्याविषयी.

कयाधूकाठच्या आमच्या गावी (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) विटी टोलवल्यावर गल्लीपर्यंतचे अंतर दांडूने मोजले जाई. मोजणीचे शब्द असे : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. मोजणी ज्या शब्दावर संपेल, त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरे. कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून, कधी मुठीवर, कधी थेट डोळ्यावर. ‘लेंड’ आले की लहानांना हसू फुटे, त्याचे कारण शेळ्या राखणाऱ्यांना सांगायला नको. काही गावांत हाच शब्द ‘रेंड’ असा आहे आणि तो मुळाच्या अधिक जवळचा आहे.

कारण हे शब्द म्हणजे तेलुगू अंक आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. पुष्कळ जण त्यांना ‘कानडी’ म्हणून मोकळे होतात. पण कानडीत एक म्हणजे ओंदु, दोन म्हणजे एरडु आणि तीन म्हणजे मूरु. ‘नाल’ आणि ‘आर’ दोन्हीकडून येऊ शकतील, ‘वकट’ मात्र तेलुगूशिवाय कुठूनही येऊ शकत नाही.

इथवर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या उडीविषयी. ‘पाहा, मराठी माणूस मुळात द्राविडी भाषा बोलत होता आणि ही मोजणी हा त्याचा पुरावा’, अशा आशयाच्या नोंदी समाजमाध्यमांवर हजारोंनी पसरतात. महाराष्ट्राच्या कानडी पूर्वपीठिकेविषयी शं. बा. जोशी यांनी आणि तमिळ-मराठी नात्याविषयी विश्वनाथ खैरे यांनी गांभीर्याने लिहिले आहे. ते वाचावे आणि त्यावर भांडावेही. परंतु विटीदांडूची मोजणी एवढे ओझे पेलू शकत नाही, असे माझे मत आहे.

याच मैदानावर आज पोरे ‘आउट’, ‘नो बॉल’, ‘ओव्हर’ असे ओरडतात. त्यावरून त्यांचे पूर्वज इंग्रजी बोलत होते असे कुणी म्हणत नाही. खेळ प्रवास करतो तेव्हा आपली परिभाषा सोबत घेऊन येतो. ‘वकट’वरून सिद्ध होतो तो संपर्क, वंश नव्हे आणि मूळ भाषाही नव्हे.

मग हा संपर्क निजामाच्या राज्यातला का? हिंगोली १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, तेव्हा हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. मलाही बरीच वर्षे तेच खरे वाटत होते. पण हे शब्द पुण्या-साताऱ्याकडेही आहेत आणि तिथे निजामाचे उत्तर लागू पडत नाही. जुन्या तेलुगूत तीनला ‘मूंडु’ असे अनुनासिक रूप होते. त्यावरून हा शब्द फार पूर्वी आला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र शेजारच्या ‘लेंड’च्या नादानेही ‘मूंड’ घडू शकतो. मोजणीचे शब्द एकमेकांशी यमक जुळवत घासले जातात.

याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या उत्तर भागातले आहे. तिथल्या मेंढपाळांच्या मोजणीत ‘यान, टान, टेथेरा’ असे शब्द होते. त्यांतला पाच म्हणजे ‘पिंप’, आणि वेल्श भाषेतला पाच उच्चाराने त्याच्या अगदी जवळचा. हा प्राचीन ब्रिटन लोकांच्या भाषेचा अवशेष होय, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे अनेक भाषाभ्यासकांनी शंका काढली, की ही मोजणी बरीच नंतर शेजारच्या प्रदेशांतून आली असावी. तिथेही ‘टेथेरा’ला ‘मेथेरा’ जुळवून घेतलेला दिसतो.

आता आमच्या गावचा क्रम पुन्हा मोजून पाहा. वकट एक, लेंड दोन, मूंड तीन, नाल चार आणि पाचव्या जागी ‘आर’, म्हणजे तेलुगूतला सहा! ‘वेद’ हा ‘एडु’ म्हणजे सात असेल, तर तो सहाव्या जागी येऊन बसला आहे. ‘ऐदु’ गळून पडला आणि कुणाला चुकल्यासारखेही वाटले नाही. तेलुगूत मोजणाऱ्याच्या हातून पाच हरवणार नाही. म्हणजे ज्यांनी हा क्रम सांभाळला त्यांच्यासाठी हे अंक नव्हतेच, ती टोल्यांची नावे होती. पूर्वजांची भाषा विसरल्यावरही असे घडू शकेल, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही क्रिकेटचे उदाहरण समोर असताना साधे स्पष्टीकरण सोडून लांबचे का धरावे, हे मला कळत नाही.

तपासाची एक जागा मात्र शिल्लक आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीकडे, तेलंगणाच्या सीमेलगत, दोन्ही भाषा शेजारी नांदतात. तिथल्या जुन्या खेळाडूंच्या मोजणीत ‘ऐदु’ टिकून असेल, तर गळती पश्चिमेकडे येताना झाली असे म्हणायला आधार मिळेल. तेव्हा या धाग्याखाली आपल्या गावचा पूर्ण क्रम लिहा, तालुक्यासह. आणि पाचव्या जागी काय म्हणत असत, हे आजोबांना विचारूनच लिहा.