‘पाय घसरला’ असं डॉक्टरांना सांगू नका

दंडावर बोटांचे वळ असतात, डोळा काळानिळा झालेला असतो आणि सोबतचे नातेवाईक सांगतात, “बाथरूममध्ये पाय घसरला.” पाय घसरल्यावर दंडावर बोटं उमटत नाहीत, हे आम्हा डॉक्टरांना कळतं.

“घरातली गोष्ट घरातच राहू द्या” म्हणणाऱ्यांनो, मारहाण ही घरगुती गोष्ट नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. संरक्षण आदेश, खर्ची आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. त्यासाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही.

“वकिलाचे पैसे कुठून आणू?” असा प्रश्न पडला असेल, तर हे लक्षात ठेवा: स्त्रीचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००. महिलांसाठी १८१, तातडीच्या वेळी ११२.

तक्रार नोंदवली नाही म्हणून कोणताही दवाखाना तुम्हाला उपचार नाकारू शकत नाही. डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे, असं स्पष्ट सांगा. कोणी, कशाने, कधी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या आणि त्याची प्रत माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. पुढे न्यायालयात हाच कागद तुमचा साक्षीदार होतो.

आणि शेजाऱ्यांनो, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला कायदा जबाबदार धरत नाही. मग “आपण कशाला मध्ये पडायचं?” याला भित्रेपणाशिवाय दुसरं काय म्हणायचं?