गळ्यातले तीन कॅमेरे

"फिल्म कॅमेरा माणसाला थांबायला शिकवतो." हे वाक्य इतक्या रील्समध्ये ऐकलंय की आता चीड येते. छत्तीस फोटोंचा रोल, म्हणून प्रत्येक क्लिक विचारपूर्वक, म्हणून आपण फोनवाल्यांपेक्षा जरा जास्त खोल. मीही एक जुना कॅमेरा घेतलाय. रविवारी टेकडीवर नेतो, मजा येते. पण या मजेला जुन्या वृत्तछायाचित्रकारांचा वारसा म्हणू नका. त्यांना थांबायचंच नव्हतं. म्हणून तर ते गळ्यात दोन-तीन कॅमेरे अडकवून फिरायचे.

हिशोब साधा होता. एका कॅमेऱ्यात एका वेळी एकच फिल्म. वृत्तसंस्थेला कृष्णधवल फोटो हवा आणि मासिकाला रंगीत, तर दोन कॅमेरे लागणार. 1954 मध्ये इंडोचायनात भूसुरुंगावर पाय पडून रॉबर्ट कापा गेले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन कॅमेरे होते: एकात कृष्णधवल फिल्म, दुसऱ्यात रंगीत. लेन्सचंही तेच. गोळीबारात कोण लेन्स बदलत बसणार? एका कॅमेऱ्यावर वाइड, दुसऱ्यावर टेली. लेन्स बदलायची नाही, कॅमेराच बदलायचा.

आणि रोल संपला की?

8 जून 1972, व्हिएतनाममधलं त्रांग बांग. नापामने भाजलेली मुलं रस्त्यावरून धावत आली. छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट तिथेच होते. त्यांनीच पुढे सांगितलंय, की तेव्हा ते आपल्या जुन्या लायकात रोल भरत होते. लायकाची तळाची पट्टी काढायची, फिल्मचं टोक नेमकं अडकवायचं, पट्टी परत बसवायची. तेवढ्यात तो क्षण गेला. जगाला माहीत असलेला फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी कॅमेऱ्यात उतरला.

याला 'थांबण्याचं सौंदर्य' म्हणणार?

त्याच फोटोची पुढची गोष्ट तर लायकाभक्तांनी नक्की ऐकावी. तो निक उट यांनी लायकावर काढला, असं अनेक दशकं सांगितलं गेलं. 2025 मध्ये असोसिएटेड प्रेसने तपास केला, तर तो बहुधा पेंटॅक्सवर काढलेला निघाला. फोटो कोणाचा, यावरच आता वाद आहे. एपीने श्रेय उट यांच्याकडे ठेवलं, वर्ल्ड प्रेस फोटोने ते स्थगित केलं. वाद मिटेल तेव्हा मिटेल. पण ज्या ब्रँडची आपण पूजा करतो, तो तिथे होता की नाही हेसुद्धा फोटोकडे बघून कोणाला पन्नास वर्षं कळलं नाही.

"पण मर्यादेतूनच नजर घडते ना?" घडत असेल. फक्त ही माणसं मर्यादेची आरती करत नव्हती, तिच्यावर तोडगा काढत होती. त्यांची शिस्त बटण दाबण्याआधीची होती: कुठल्या कॅमेऱ्यात कुठली फिल्म, किती फ्रेम उरल्या, गडबड सुरू होण्याआधी अर्धवट रोल काढून नवा भरायचा का. सर्व्हरची डिस्क पूर्ण भरेपर्यंत आम्हीही वाट बघत नाही. त्याला कोणी साधना म्हणत नाही, काम म्हणतात.

तुमच्या फोनच्या मागे दोन-तीन लेन्स असतील. वाइड, साधी, टेली. रोल संपायची भीती नाही. त्या लोकांनी मान मोडेस्तोवर जे वाहिलं, ते तुमच्या खिशात आहे. फिल्म आवडते? खुशाल वापरा. पण मोर्चात, पुरात, रस्त्यावरच्या मारहाणीत समोर काही घडत असेल, तर कृपा करून थांबू नका.