कापडावरच्या कराची दाद कुणाकडे मागायची?

गेल्या लग्नसराईत सोनपेठच्या आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक बिल हातात धरून अडून बसले. नवरीच्या शालूवर पाच टक्के आणि नवरदेवाच्या तयार शेरवानीवर अठरा टक्के, हा कुठला न्याय? शालू कापडात मोजतात आणि शेरवानी तयार कपड्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के लागतात. एवढे समजावल्यावर त्यांनी विचारले, "हे ठरवतं कोण, मुंबई का दिल्ली?"

व्यापारी बांधवांनो, आपण सगळे झटकन 'दिल्ली' म्हणतो. आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याचा फायदा पुढारी मंडळी घेतात.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. शहरियतच्या तासाला मास्तरांनी आईनातल्या, म्हणजे घटनेतल्या, तीन याद्या पाठ करून घेतल्या होत्या: केंद्राची, राज्याची आणि दोघांची सामाईक. मालाच्या विक्रीवरचा कर राज्याच्या यादीत, ५४ व्या क्रमांकावर. पुढे गल्ल्यावर बसलो तेव्हा पाहिले, तर थानाच्या कापडाला विक्रीकरच नाही! झाले होते असे, की डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत राज्यांनी एक गोष्ट कबूल केली. गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकर लावायचा नाही. केंद्राने जादा अबकारी गोळा करून राज्यांना वाटा द्यायचा. १९५७ साली तसा कायदा झाला. हक्क राज्याचाच राहिला, पण तो वापरला तर वाटा बंद. दुकान आपल्या नावावर आणि भाडेकरू आत, असा प्रकार.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्थाच बदलली. ५४ व्या क्रमांकाखाली राज्याकडे कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू, विमानाचे इंधन आणि दारू एवढेच उरले. राज्यातल्या बाकी विक्रीवर केंद्र आणि राज्य दोघांनी कर लावायचा आणि दराची शिफारस जीएसटी परिषदेने करायची, असे ठरले. १ जुलै २०१७ पासून थानालाही पाच टक्के लागले. परिषदेत एक तृतीयांश वजन केंद्राच्या मताला आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांना मिळून. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नाही म्हणाले तर सारी राज्ये एकत्र येऊनही काही करू शकत नाहीत. महाराष्ट्राचे मत आणि सिक्कीमचे मत सारख्याच वजनाचे.

तरीही १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्सच्या खटल्यात सांगितले, की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा राज्यांच्या विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. सरकार अधिसूचना काढताना शिफारशीला बांधलेले असते, कारण विधिमंडळानेच केलेल्या कायद्यात तसे लिहिले आहे. विधिमंडळ स्वतः बांधलेले नाही. महाराष्ट्राने उद्या वेगळा दर लावावा असे आम्ही म्हणत नाही; सुरतहून माल आणणाऱ्याला त्याचाच ताप होईल. पण 'आमच्या हातात काही नाही' हे आमदारांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

२०२१ ची गोष्ट आठवा. १ जानेवारी २०२२ पासून कापडावर १२ टक्के होणार होते. बाजार बंद झाले, गुजरातसह अनेक राज्यांनी आवाज उठवला आणि ३१ डिसेंबरला परिषदेने तो निर्णय पुढे ढकलला. कृत्रिम धाग्यावरचा कर कापडापेक्षा जास्त, हे त्यामागचे दुखणे. सप्टेंबर २०२५ मध्ये कापडाचा दर न वाढवता धाग्याचाच दर पाचवर आणला गेला. मालेगाव, इचलकरंजीचे विणकर हेच तर मागत होते.

परिषदेत महाराष्ट्राच्या खुर्चीवर बसणारा मंत्री विधानसभेला जबाबदार असतो. बैठकीला जाण्याआधी तिथे काय बोलणार आणि परतल्यावर काय बोललो, हे त्याने सभागृहाला सांगावे. आम्ही काही दुकानदारांनी आमदारांना अर्ज लिहिला आहे. तयार कपड्याची अडीच हजारांची मर्यादा पाच हजार व्हावी आणि नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी याबद्दल प्रश्न विचारावा, एवढेच त्यात आहे. परभणी, गंगाखेड, मानवतच्या बांधवांनीही आपापल्या आमदारांना असेच लिहावे. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नये.