येत्या ऑगस्टात दूरचित्रवाणीवर काय पाहावे?

जुलै सरत आला की दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांस नवा बहर येतो. पुढे गौरी-गणपती, दसरा, दिवाळी हे सण ओळीने उभे असतात. व्यापाऱ्यांच्या जाहिराती ह्याच दिवसांत अधिक निघतात, आणि जाहिरातींच्या मागोमाग नव्या मालिकाही येतात. २०२५ सालचेच पाहा. ११ ऑगस्टच्या एकाच सोमवारी झी मराठीवर ‘वीण दोघांतली ही तुटेना’ व ‘तारिणी’ अशा दोन मालिकांचा आरंभ झाला आणि हिंदीत ‘कौन बनेगा करोडपती’चा नवा हंगामही त्याच रात्री उघडला. येत्या महिन्यातही अशा नव्या कार्यक्रमांची दवंडी पिटली जाईल. तेव्हा त्यांतील काय घरात घ्यावे व काय दाराबाहेर ठेवावे, ह्याचा विचार आधीच करून ठेवणे बरे.

११ ऑगस्ट ही तिथी आम्हां दादरा व नगर हवेलीच्या रहिवाशांस दोन कारणांनी जवळची आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात पोर्तुगीज अंमलातून मोकळा झालेला आपला मुलूख १९६१ साली ह्याच दिवशी भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. आणि पवित्र सभेच्या पंचांगात हा संत क्लारेचा सण होय. बारावे पायस पोपमहाशय ह्यांनी आपल्या पत्राने हिलाच दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले.

तेराव्या शतकातील एका मठवासिनीचा ह्या यंत्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. कथा अशी सांगतात की, १२५२ च्या नाताळच्या रात्री क्लारा आजाराने अंथरुणास खिळली होती. सोबतच्या भगिनी प्रार्थनेस गेल्या. ती एकटी मागे राहिली. तेव्हा दूरच्या संत फ्रान्सिसच्या देवळातील उपासना तिला आपल्या खोलीत ऐकू आली व बाळ येशूची गव्हाणही डोळ्यांपुढे दिसली. पुढल्याच ऑगस्टात ती देवाघरी गेली. जो जाऊ शकत नाही त्याच्याकडे दूरचे चांगले दृश्य यावे, हा ह्या कथेचा मथितार्थ. दूरचित्रवाणीचे खरे काम तेच आहे. आणि कोणताही नवा कार्यक्रम आम्ही ह्याच मापाने मोजावा असे वाटते.

आता महिन्याच्या कार्यक्रमांकडे वळू. १५ ऑगस्टला सकाळी लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण व पंतप्रधानांचे भाषण दूरदर्शनवर दाखवितात. त्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. आपल्या धर्मग्रामातील मिस्साची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि देशाचा व मातेचा असे दोन्ही मान राखावेत. रोमला दुपारी बारा वाजता पोपमहाशय ‘देवदूताचा निरोप’ ही प्रार्थना म्हणतात. तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळेप्रमाणे साडेतीन वाजलेले असतात. १५ ऑगस्टला व दर रविवारी ती व्हॅटिकनच्या प्रसारणावर पाहता येते. मुलांच्या हातातील मोबाइल त्या दहा-पंधरा मिनिटांपुरता आजीच्या पुढ्यात ठेवला तर त्या यंत्राचेही सोने होईल.

‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. २०२१ ते २०२५ ह्या पाचही वर्षांत त्याचा हंगाम ऑगस्टातच उघडला. येत्या ऑगस्टातही तो आला तर घरातील सर्वांनी मिळून पाहण्याजोगा आहे, असे आम्ही निःशंक म्हणू. मात्र एक युक्ती करावी. ज्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणालाच आले नाही तो मुलाने वहीत टिपून ठेवावा व दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींस विचारावा. रुपयांच्या आकड्यावर डोळा ठेवणाऱ्या मुलास रुपये मिळणार नाहीत. प्रश्नावर ठेवणाऱ्यास विद्या मात्र नक्की मिळेल.

खरा विचार करावयाचा तो संध्याकाळच्या मालिकांचा. त्या सरसकट वाईट असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दाखविणाऱ्याचा हेतू एक आणि घराने घेतलेला धडा दुसरा, असे कसे होते त्याचे एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी ह्यांनी ती लिहिली व प्रत्येक भागाच्या अखेरीस नट अशोककुमार स्वतः येऊन हिताच्या चार गोष्टी सांगत. लहान कुटुंब, स्त्रियांचा मान, दारूचे दुष्परिणाम असे चांगले विषय त्यात मुद्दाम गुंफले होते. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांस विचारले तेव्हा असे आढळले की, दारुड्या नवऱ्याचे सर्व काही मुकाट्याने सोसणारी भागवंती हीच कित्येकांस आदर्श वाटली! स्त्रीने असे सोसू नये हे शिकविण्यास ते पात्र योजिले होते. पुष्कळांनी मात्र सोसावे कसे तेच त्यातून उचलले.

आमच्या घरांतून आज काय उचलले जाते? मालिकेतील सासू कान भरते, जाऊ कारस्थान रचते, आणि सोशिक सून डोळे टिपीत उभी राहते. लेक हे रोज पाहते. तिने त्यातून कोणते पात्र आपलेसे केले, हे आईने एकदा तरी विचारले आहे काय? मुलगाही पाहतो. बायकोवर हात उगारणारा नायक पुढल्या भागात क्षमेस पात्र ठरतो, तेव्हा त्याच्या मनात काय उतरते, हे बापाने विचारले आहे काय? संच बंद करणे सोपे. हा प्रश्न विचारणे अवघड. पण घराचे रक्षण दुसऱ्यानेच होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या आपल्या आदेशात ही निवड करण्याचे कर्तव्य पाहणाऱ्यावर व विशेषतः आईबापांवर ठेविले आहे. ते धर्मगुरूंच्या गळ्यात टाकून मोकळे होता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कोणती मालिका किती पाहिली गेली ह्याचे आकडे दर आठवड्यास मोजले जातात व त्यांवर तिचे आयुष्य ठरते. ह्याचा अर्थ असा की आमचे पाहणे हेही एक मत आहे. ज्या मालिकेस आपण घरात नावे ठेवतो तीच रोज पाहत राहिलो, तर नावे ठेवण्यास काही अर्थ उरत नाही.

आता वेळेविषयी. संध्याकाळी सातपासून दहापर्यंतची वेळ वाहिन्यांस सर्वांत मोलाची. आमच्या वाडवडिलांसही तीच मोलाची होती, कारण तीच रोझरीची वेळ. पाच दशके म्हणावयास साधारण पाव तास लागतो. मालिकेचा एक भाग जाहिरातींसह अर्धा तास घेतो. आम्ही मालिका सोडा असे म्हणत नाही. रोझरी आधी व्हावी, मालिका मागून, एवढाच आमचा आग्रह. शेतावरून किंवा कारखान्यातील पाळीवरून उशिरा परतणाऱ्यासाठी शेवटचे एक दशक राखून ठेवावे. तो दारात येताच सर्वांनी मिळून ते म्हणावे.

सरतेशेवटी आजाऱ्यांविषयी. टाळेबंदीच्या काळात, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करताना कोट्यवधींनी पाहिले. त्या दिवशी आपण सर्वच क्लारेसारखे खोलीत अडकलो होतो. आता धडधाकट माणसास रविवारचा मिस्सा घरबसल्या पाहून भागणार नाही. त्याने सिल्व्हासाच्या देवळाची वाट धरावी. परंतु ज्याला ती वाट चालवत नाही असा कोणी म्हातारा आपल्या आळीत असेलच. ११ ऑगस्टच्या सणास त्याच्या घरी जावे, मिस्साचे प्रसारण लावून द्यावे, आणि संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसावे. येत्या महिन्यातील पाहण्याजोगा सर्वांत चांगला कार्यक्रम आमच्या मते हाच होय.