एक जूनची माणसं, एक जानेवारीचं हॉकी

माझे वडील, दोन काका आणि एक आत्या, चौघांचाही वाढदिवस कागदोपत्री १ जूनला. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की मास्तर १ जून लिहून मोकळे होत. कुणाचं काही बिघडलं नाही, फार तर निवृत्ती दोन-चार महिने अलीकडे-पलीकडे झाली.

इथे कॅल्गरीत बर्फावरच्या हॉकीतही अशीच एक तारीख आहे: १ जानेवारी. वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतात. माझा मुलगा नोव्हेंबरअखेरचा. त्याच्याच गटातला जानेवारीचा मुलगा त्याच्याहून जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा. आठव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं अंतर, हे दोघांना शेजारी उभं केल्यावर कळतं. जानेवारीवाला ट्रायआउटमध्ये उठून दिसतो, वरच्या संघात जातो, तिथे त्याला जास्त आइस टाइम आणि चांगला कोच मिळतो, आणि चार वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. हे पहिल्यांदा हेरलं ते आमच्याच अल्बर्टात. लेथब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नीबरोबर तिथल्या ज्युनियर संघाचा सामना बघायला गेले होते. पत्रकातल्या जन्मतारखा वाचताना जानेवारी-फेब्रुवारीच्या मुलांचा भरणा आधी लक्षात आला तो पत्नीच्या. त्यावरचा बार्न्सलींचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तारीख मात्र तीच आहे.

हे आजच लिहायचं कारण आपल्या इथल्या मराठी मंडळातच आहे. गणपतीच्या आरतीला निम्मी मुलं नसतात, कारण सप्टेंबरात ट्रायआउट असतात. त्याबद्दल तक्रार नाही, बाप्पा समजून घेतो. तक्रार आहे ती मार्चनंतरची. मोसम संपला की खासगी स्प्रिंग हॉकीचे संघ उगवतात. सात-आठ वर्षांच्या पोरांचं ‘सिलेक्शन’, नाव छापलेले ट्रॅकसूट, विमानाने जायच्या स्पर्धा. गेल्या वर्षी अशाच एका संघाच्या माणसाने मला समोर बसवून सांगितलं, “आत्ता आला नाहीत तर गाडी सुटली म्हणून समजा.” मुलगा तेव्हा बाहेर व्हेंडिंग मशिनशी झटत होता. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ते तिकीट काढलं. अभ्यासाला क्लास लावतो तसा खेळालाही लावला की झालं, ही आपली जुनी खोड.

माझं म्हणणं असं की गाडी सुटत नाही, आणि पोरं निवडायची खरी जागा वेगळी आहे. पंधरा वर्षांच्या आसपास होणारे विभागीय संघ, ती ही जागा. हॉकी अल्बर्टा ही संघटना प्रांताचे विभाग पाडते, प्रत्येक विभागातल्या निरनिराळ्या क्लबांतून मुलं निवडते आणि अल्बर्टा कपमध्ये त्या संघांना एकमेकांविरुद्ध उतरवते. तिथून सोळा वर्षांखालच्या टीम अल्बर्टाची वाट निघते. पुढे पश्चिमेकडच्या चार प्रांतांचा डब्ल्यूएचएल (वेस्टर्न हॉकी लीग) कप आणि दर चार वर्षांनी येणारे कॅनडा विंटर गेम्स. स्वीडनमध्ये हेच काम १९५९ पासून ‘टीव्ही-पुकेन’ करते: जिल्ह्याजिल्ह्याचे संघ, पंधरा-सोळाची पोरं, सामने दूरदर्शनवर. आपल्या जिल्ह्याची जर्सी अंगावर घालणं हा तिथल्या मुलांच्या आयुष्यातला पहिला मोठा मान.

विभागीय संघाचं मोल मला तीन-चार दिवसांच्या सरावात दिसतं. मोसमभर ज्याने तुम्हाला बोर्डवर आपटलं तोच आता तुमच्या ओळीत. कोच दुसऱ्याच क्लबचा, त्यामुळे ‘हा आमच्या अध्यक्षांचा मुलगा’ ही अदृश्य चिठ्ठी चालत नाही (निदान कमी चालते). आणि स्पर्धा संपली की मूल आपल्या क्लबात, आपल्या शाळेत परत. अल्बर्टासारख्या प्रांतात याला आणखी एक अर्थ आहे. वायकिंग हे हजारेक वस्तीचं गाव. तिथल्या शेतावरचे सटर घराण्याचे सहा भाऊ, ब्रायन, डॅरिल, ड्वेन, ब्रेंट, रिच आणि रॉन, सगळे एनएचएलमध्ये खेळले. निवड फक्त कॅल्गरी-एडमंटनच्या रिंकवर उभं राहून करायची ठरवली, तर अशी गावं यादीतूनच गळतील.

म्हणून २०१४ चा बदल मला अजून पटत नाही. सतरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तोवर कॅनडाचे पाच विभागीय संघ उतरत: अटलांटिक, क्वेबेक, ऑन्टारियो, वेस्ट आणि पॅसिफिक. ते मोडून देशभरातून निवडलेले तीन संघ केले, रेड, व्हाइट आणि ब्लॅक. पुढे २०२३ मध्ये तर दोनच उरले. शंभरावर मुलांना मिळणारी संधी आधी ६६ वर आली, मग ४४ वर. कारण देतात ते खोटं नाही: ऑन्टारियो बलाढ्य, अटलांटिकला पदक क्वचित, सामने एकतर्फी होत. पण हरणारा विभाग मोडायचा म्हटलं तर आपल्याकडे विदर्भाचं काय झालं असतं? एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ कशाला, असं म्हणणारे मी लहानपणापासून ऐकतेय. विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो आहे. पहिली रणजी मिळाली २०१७-१८ मध्ये, साठ वर्षांनी. लगेच दुसऱ्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसरी. नागपूरची मुलं मुंबईच्या शिबिरात पाण्याच्या बाटल्या उचलत बसली असती तर हे घडलं नसतं.

उलट बाजूही आहे, आणि ती जोरकस आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये अ‍ॅन आर्बरला राष्ट्रीय विकास कार्यक्रम सुरू केला. मोजकीच मुलं, एकाच ठिकाणी दोन वर्षं. एनएचएल गाजवलेला पॅट्रिक केन त्यातलाच. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला ऑस्टन मॅथ्यूजही. एकत्र आणल्याने खेळ झपाट्याने सुधारतो, हे मान्य. पण तो कळस आहे. जिल्ह्यांच्या शिबिरांतून मुलं वर येत नसतील तर कळसाखाली काहीच नाही.

पंधराच्या आसपासची निवडही चुकते, हे मला मान्य आहे. कॅल्गरीचाच केल मकार घ्या. डब्ल्यूएचएलच्या निवडीत मेडिसिन हॅटच्या संघाने त्याला घेतलं तेव्हा आठवी फेरी चालू होती. तो अल्बर्टातल्याच ब्रुक्स या छोट्या शहराच्या संघात खेळला आणि २०१७ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला. अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलाला पंधराव्या वर्षी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. म्हणून माझी मागणी अशी: विभागीय शिबिर पंधराला एकदाच नको, सतराला पुन्हा व्हावं, आणि त्यात निम्म्या जागा पहिल्या खेपेला गळलेल्यांना राखून ठेवाव्यात. निवडकर्त्यांच्या हातातल्या कागदावर मुलाच्या नावापुढे जन्ममहिना ठळक छापावा. यासाठी विभागाच्या सभांना कुणीतरी जायला हवं. तिथे आपण नसतो. आपण पार्किंगमध्ये, गाडीचा हीटर लावून, फोनवर बसलेले असतो. मीही.

आमचा नोव्हेंबरवाला यंदा चौदाचा होईल. अजून कम्युनिटी क्लबातच खेळतो, दुसऱ्या ओळीत. येत्या मोसमात विभागीय शिबिराला जाणार का, असं मी परवा जेवताना विचारलं. तो म्हणाला, “ते बघू. आई, आधी नवीन स्केट घे. डिसेंबरात घेतलेले आत्ताच बोटांना लागायला लागलेत.”