पितृपक्षातला हनीमून

लग्न ठरलं की माणसाला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "हॉल मिळाला का?" आणि दुसरा, "हनीमूनला कुठे?" पहिल्याचं उत्तर आमच्याकडे सासरेबुवांनी परस्पर देऊन टाकलं. हॉल मिळाला, मे महिन्यातला, आणि तेवढी एकच तारीख शिल्लक होती. दुसऱ्याचं उत्तर हिने दिलं. "मसाई मारा."

आमच्या घरात सफारी म्हटलं की बाबांचा बिस्किट कलरचा सफारी सूट, बस्स. तो अजून कपाटात आहे, डांबरगोळ्यांसकट. त्यामुळे मी आधी हसलो. पण ही सीरियस होती. शाळेत असताना टीव्हीवर तिने ती नदी बघितली होती. काठावर हजारो विल्डबीस्ट जमलेत, पाण्यात मगरी टपून बसल्यात, आणि मग त्यातला एक कुणीतरी उडी टाकतो. "मला बर्फात स्वेटर घालून फोटो नाही काढायचेत," ती म्हणाली. "मला ती नदी बघायचीय. आणि एकटीने नाही बघायची." आता यावर माणूस काय बोलणार?

तर, आम्ही कामाला लागलो. सॉफ्टवेअरवाल्याला काहीही प्लॅन करायला सांगा, तो आधी एक्सेल उघडतो. गेले दोन महिने दर शनिवारी मी ती शीट भरतोय आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. लग्नानंतर लगेच मसाई माराला किंवा सेरेंगेटीला जाणं हा आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांसाठी चुकीचा निर्णय आहे. सफारी चुकीची नाही हो. 'लगेच' चुकीचं आहे.

सांगतो कसं ते.

सुरुवातीला आम्ही एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. मे महिना म्हटल्यावर माणूस एकदम खूश. "बेस्ट टाइम! ऑफ सीझन, रेट एकदम डाऊन. सात दिवस, चार पार्क, हनीमून केक फ्री." मग त्याने ब्रोशर काढलं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे हंस, मावळता सूर्य, हातात ग्लास, मागे हत्ती. अख्ख्या ब्रोशरमध्ये कुणाच्या कपड्यांवर धुळीचा एक कण नव्हता.

काही वर्षं टेस्टिंगमध्ये काढल्यामुळे मला एक खोड लागलीय. कुठलीही गोष्ट स्वस्त मिळायला लागली की "का?" असं विचारायचं. उत्तर साधं निघालं. केनिया आणि उत्तर टांझानियात साधारण मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. मारामध्ये बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, आपल्या विदर्भात कापूस होतो ना, तसलीच. भिजली की गाडीची चाकं धरून ठेवते. गवत उंच वाढलेलं असतं. पाणी जागोजागी मिळत असल्यामुळे प्राण्यांना एका पाणवठ्यावर गोळा व्हायची गरज उरत नाही. काही कॅम्प तर एप्रिल-मेमध्ये चक्क बंद असतात.

आणि नदी? नदी असते, पण मे महिन्यात ते मोठे कळप तिथे नसतात. ते खाली टांझानियात, सेरेंगेटीमध्ये असतात. एकटी सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. मसाई मारा रिझर्व्ह त्याच्या उत्तरेला, केनियाच्या बाजूला, साधारण १,५०० चौरस किलोमीटरचं. लाखो विल्डबीस्ट गवताच्या आणि पावसाच्या मागे वर्षभर या पट्ट्यात गोल फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला एन्दुटूच्या मैदानांवर असतात, आणि त्यांची बहुतेक वासरं तिथे दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात. मग उत्तरेकडे चाल सुरू होते आणि मारा नदी ओलांडण्याचा तो प्रकार साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात घडतो.

एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. सिंह, हत्ती, चित्ते मारामध्ये बाराही महिने असतात. मे महिन्यात सगळं हिरवंगार, गर्दी कमी, पैसे कमी. ज्याला एवढंच हवंय त्याने खुशाल जावं. पण जिला ती नदी बघायचीय तिला मे महिन्यात नेणं म्हणजे वारी बघायला दिवाळीत पंढरपूरला जाण्यासारखं आहे. विठोबा असतो जागेवर. वारी नसते.

इथे मी शीटमध्ये दोन कॉलम शेजारी शेजारी मांडले. डावीकडे आपल्याकडचे लग्नाचे महिने, उजवीकडे तिकडचं हवामान. बघा गंमत. तुळशीचं लग्न झालं की आपला सीझन सुरू, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. नेमका तेव्हाच तिकडे छोटा पाऊस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हॉल मिळत नाही, तेव्हा तिकडे मोठा पाऊस. आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, मुहूर्त जवळपास बंद. तिकडे ऐन कोरडा मोसम, कळप नदीवर. आपलं पंचांग आणि सेरेंगेटी यांनी ठरवून कट्टी घेतल्यासारखं! जरा जुळतं ते फेब्रुवारीत. ज्यांचं लग्न जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत आहे त्यांनी नदीचा हट्ट सोडून सरळ एन्दुटूला जावं. नवी वासरं बघायला मिळतील, आणि वासरांच्या मागावरचे सिंह-चित्तेही.

"पण आम्हाला मे महिन्यातच जायचंय, रजाच तेव्हा आहे." ठीक आहे. मग पूर्व आफ्रिका सोडा आणि दक्षिणेला जा. दक्षिण आफ्रिकेत मेपासून कोरडा हिवाळा सुरू होतो. क्रूगर नॅशनल पार्कमध्ये (स्थापना १९२६) गवत विरळ होत जातं आणि प्राणी हळूहळू पाण्याजवळ येऊ लागतात. तिथे स्वतःची गाडी चालवत फिरता येतं. रस्ते डावीकडून, आपल्यासारखेच, आणि डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. एका छोट्या गाडीत फक्त दोघं, हातात नकाशा, आणि समोर हत्ती रस्ता अडवून उभा. नव्या जोडप्याला यापेक्षा जास्त एकांत कुठे मिळणार? फक्त अंधार पडायच्या आत कॅम्पच्या गेटमध्ये परत यावं लागतं. तिथे "पाच मिनिटांत पोचतो" असलं पुणेरी आश्वासन चालत नाही.

आता दुसरा मुद्दा, 'सात दिवस चार पार्क'.

हे प्लॅन बघितलं की मला आमच्या मॅनेजरचं शेड्यूल आठवतं. सगळे टास्क ठासून भरलेले आणि बफर शून्य. नैरोबीहून ॲम्बोसेली, तिथून नाकुरू, तिथून मारा. प्रत्येक उडीत निम्मा दिवस रस्त्यावर. शिवाय ग्रुपमध्ये गेलात तर व्हॅनमध्ये आणखी चार अनोळखी माणसं, त्यातल्या एकाला सतत खिडकी बंद हवी असते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्र ताडोबाला गेलो होतो. तीन सफारी. पहिल्या दोन आम्ही वाघामागे पळण्यात घालवल्या. कॉल आला की पळ, दुसरीकडे जिप्सी दिसल्या की तिकडे पळ. शेवटी एकदा दिसला, आठ-दहा जिप्सींच्या मधून, अर्धा. तिसऱ्या सफारीत आमचा गाइड वैतागून एका तळ्यावर गाडी बंद करून बसला. दीड तास काहीही झालं नाही. म्हणजे, आधी तसं वाटलं. मग सांबरं आली, रानडुकरं आली, एक धीवर (खंड्याच तो) मासे पकडत राहिला. त्या ट्रिपमधलं मला आज नीट आठवतं ते फक्त तळं. वाघाचे फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत देव जाणे.

म्हणून आमचं ठरलं, एकच जागा आणि पाच रात्री. मारा नदीचंही असंच आहे. कळप तासन्‌तास काठावर उभे राहतात आणि कधी कधी चक्क मागे फिरतात. त्यांच्याकडे आपली आयटिनररी नसते. एक दिवस ठेवलात तर जुगार, चार दिवस ठेवलेत तर निदान वाट बघता येते.

हे सगळं स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. २०२४ पासून मसाई मारा रिझर्व्हची परदेशी पाहुण्यांसाठीची प्रवेश फी जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर अशी ठरली. म्हणजे योग्य मोसमात दोघांचे दिवसाला ४०० डॉलर नुसते आत जायचे. राहणं, गाडी, विमान वेगळं. म्हणजे माझाच सल्ला मला महागात पडतोय. पण लग्नाच्या खर्चातून जेमतेम सावरत असताना घाईघाईने अर्धी सफारी करण्यापेक्षा चार महिने दोघांच्या पगारातून बाजूला टाकून पूर्ण करणं मला परवडणारं वाटतं. रिझर्व्हला लागून कॉन्झर्व्हन्सी आहेत. मसाई लोकांच्या मालकीची जमीन भाड्याने घेऊन त्या चालवल्या जातात. तिथे एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबायच्या यावर मर्यादा असते आणि पायी फिरणं, रात्रीची सफारी या रिझर्व्हमध्ये न मिळणाऱ्या गोष्टी मिळतात. त्या पैशातलं भाडं जमीनमालकांच्या घरी जातं, हेही मला पटतं. त्यामुळे पाचातल्या तीन रात्री तिथे आणि नदीसाठी दोन दिवस रिझर्व्हमध्ये असा हिशोब बसवलाय.

आणि रोमान्स? तो ब्रोशरमध्ये असतो तसा नसतो, हे दोघांनी आधीच मान्य केलेलं बरं. सफारीवर पहाटे साडेपाचला उठवतात. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, सकाळी स्वेटर लागतो. (स्वेटरचा फोटो शेवटी निघणारच!) दिवसभर धूळ आणि गचके. छोट्या विमानाने जायचं तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. लग्नात आलेल्या नव्याकोऱ्या कडक सूटकेसला तिथे जागा नाही. कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये रात्री तंबूतून एकटं बाहेर पडायचं नाही, सोबतीला रखवालदार येतो. हळद, लग्न, रिसेप्शन, सत्यनारायण, गोंधळ या सगळ्यातून आठ दिवसांची झोप थकलेली असताना हे करायचं? मग तिसऱ्या दिवशी भांडण सिंहावरून होत नाही, झोपेवरून होतं.

तिकडचे गाइड म्हणे जोडीने फिरणाऱ्या सिंह-सिंहिणीला 'हनीमूनवर आहेत' असं म्हणतात. चार-पाच दिवस ती जोडी एकमेकांना सोडत नाही. नंतर मात्र दोघं आपापल्या वाटेने. त्याच जंगलात डिक-डिक नावाचं एक सशापेक्षा थोडं मोठं हरीण असतं. त्याच्या फोटोसाठी कुणी गाडी थांबवत नाही. पण ते एकदा जोडी जमली की सहसा एकाच इलाख्यात बरोबर राहतं. ब्रोशर सिंहाच्या हनीमूनचं आहे. लग्न मात्र डिक-डिकचं करायचंय ना?

एक कामाची गोष्ट. केनियाहून भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी सर्टिफिकेट ग्राह्य धरतात. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे गरोदरपणात सहसा देत नाहीत. लग्नानंतर काही महिन्यांनी जाणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा, एजंटला नको.

असो. मग आम्ही कधी जाणार? शीटमध्ये जुलै ते ऑक्टोबर हिरवा रंग दिला आणि आईला दाखवला. आईने एकेक महिना खोडला. "श्रावणात हिची मंगळागौर. मग पहिला गणपती, गौरी. नवरात्रात कुलदेवीला जायचंय." शीटमध्ये पंधरा दिवस उरले. सप्टेंबरअखेरचे. नदीसाठी अगदी उत्तम.

आई कॅलेंडर बघून म्हणाली, "अरे, हा तर पितृपक्ष! पितृपक्षात कुणी हनीमूनला जातं का? लोक काय म्हणतील?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "त्या पंधरा दिवसांत कुणाकडे काही कार्य नसतं. कुणी बोलावणार नाही, कुणी विचारणार नाही. आजोबांच्या तिथीचं मी बघतो. जाऊ दे त्यांना."

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तिकडे थंडी असते म्हणालास ना? माझी ती निळी शाल ने हिला."

तिकिटं काढली. लग्नानंतर चार दिवस दापोलीला जाऊन आंबे खाणार आणि झोपा काढणार. तुमचंही ठरत असेल तर एवढंच करा. लग्नाचा मुहूर्त गुरुजींना विचारा, हनीमूनचा मात्र जंगलाला. आणि दोन्ही एकाच आठवड्यात बसवायचा हट्ट सोडा. हॉलवाल्याला घाई असते, नदीला नसते.